उसंत कुणाला मिळाली : पॅराग्वेतल्या शेतकरी वसाहतींविषयी

पॅराग्वे नदी त्या देशाला उभी चिरत जाते. नदीच्या पूर्वेला लाल माती, वाहते ओढे आणि एकेकाळचं घनदाट अरण्य. पश्चिमेला चाको. हा मुलूख सपाट आणि काटेरी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि विहीर खणली तर बहुतेक ठिकाणी खारं पाणी लागतं. देशाची सुमारे साठ टक्के जमीन या पश्चिम भागात आहे आणि माणसं मात्र शंभरात तीनसुद्धा नाहीत. याच चाकोच्या मध्यावर आज फिलाडेल्फिया आणि लोमा प्लाता ही गावं उभी आहेत. रुंद, सरळ रस्ते, दुधाचे मोठे प्रकल्प, सहकारी दुकानं, दवाखाने. तिथल्या जुन्या कुटुंबांची घरातली भाषा स्पॅनिश नाही आणि ग्वारानीही नाही. बाल्टिक किनाऱ्यावरच्या व्हिस्चुला नदीच्या मुखाशी घडलेली, मग युक्रेनमध्ये आणि कॅनडात पिढ्यान् पिढ्या बोलली गेलेली ती एक खेडवळ जर्मन बोली आहे.

अशा गावांची गोष्ट जगभर साधारण एकाच पद्धतीनं सांगितली जाते. ओसाड रान होतं. परदेशातून गरीब, कष्टाळू, श्रद्धाळू माणसं आली. त्यांनी रान तोडलं, लेकरं पुरली, पुन्हा नांगर धरला आणि नातवंडांच्या काळात घरात सुबत्ता आली. यातलं दुःख खरं आहे, कष्टही खरे आहेत. पुढच्या प्रकरणांत ते वाचकाला पानोपानी भेटतील आणि त्यांचा मान राखूनच मी ते मांडले आहेत. पण पॅराग्वेतल्या वसाहतींचा दीडशे वर्षांहून मोठा इतिहास एकत्र ठेवून वाचला की वेगळंच काही ठळक होतं. कष्ट सगळ्यांनीच केले. ज्या वसाहती बुडाल्या तिथल्या लोकांनीही केले. तरल्या त्या, ज्यांच्यासाठी कुणीतरी थांबायला तयार होतं. पीक बुडालं तरी कर्जाचा तगादा न लावणारं, रस्ता होईपर्यंत बियाणं आणि औषधं पाठवत राहणारं, वीस-तीस वर्षं तोटा सोसणारं कुणीतरी. त्या जमिनीवरच्या मूळ रहिवाशांसाठी आणि पॅराग्वेच्या स्वतःच्या भूमिहीन शेतकऱ्यांसाठी असं कुणी थांबलं नाही. या इतिहासाचा कणा मला इथे दिसतो आणि पुस्तकाची मांडणी मी त्याच्याभोवतीच केली आहे.

सुरुवात एका सर्वनाशापासून करावी लागते. १८६४ ते १८७० या काळात पॅराग्वे एकाच वेळी ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्याशी लढला. १ मार्च १८७० रोजी सेर्रो कोरा इथे राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेस मारला गेला आणि युद्ध संपलं. तोवर देशातल्या कर्त्या पुरुषांपैकी बहुसंख्य मेले होते. किती मेले यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे, पण पुढची कित्येक वर्षं पॅराग्वेची शेती बायकांनीच केली याबद्दल कुणाचं दुमत नाही. तिजोरी रिकामी होती आणि विजेत्या देशांचं देणं डोक्यावर होतं. राज्यकर्त्यांना दोन उपाय सुचले. सरकारी जमीन विकायची आणि बाहेरून माणसं आणायची.

जमीन सरकारकडे अफाट होती. युद्धापूर्वीच्या राजवटींत देशातली बहुतेक भूमी राज्याच्या मालकीची होती आणि शेतकरी ती नाममात्र खंडानं कसत. १८८३ आणि १८८५ च्या कायद्यांनी ती विक्रीला काढली. ज्यांच्या कित्येक पिढ्या त्या वावरात राबल्या, त्यांच्याकडे एवढ्या मोठ्या तुकड्यांचे पैसे कुठून असणार? खरेदीदार आले ब्वेनोस आइरेसहून, लंडनहून. कार्लोस कासादो नावाच्या एकाच उद्योजकानं चाकोत पन्नास लाख हेक्टरांहून अधिक जमीन घेतली. महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश एवढं हे क्षेत्र. केब्राचो नावाच्या लोखंडासारख्या कठीण झाडापासून कातडी कमावण्याचं टॅनिन काढायचं, हा त्याचा धंदा. या विक्रीची नोंद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : विकलेल्या जमिनीवर एन्ल्हेत, निवाक्ले, आयोरेओ, सानापाना अशा अनेक लोकसमूहांची वस्ती, शिकारीची रानं आणि पाणवठे होते. आपली जमीन विकली गेली हे त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढची चाळीस-पन्नास वर्षं कळलंही नाही.

मराठी वाचकाच्या मनात परदेशी स्थलांतर म्हटलं की मॉरिशसला गेलेली कोकणातली माणसं उभी राहतात. ती करारावर गेली. उसाच्या मळ्यात मजुरी करायची आणि जमीन दुसऱ्याची. पॅराग्वेत आलेल्या युरोपीय, आणि पुढे जपानी, शेतकऱ्यांचं तसं नव्हतं. त्यांना बोलावलं गेलं ते मालक म्हणून, सवलती देऊन, कित्येकदा करमाफीचं वचन देऊन. तरीही पहिले प्रयत्न एकामागून एक फसले. पैकी सगळ्यात आधीचा युद्धापूर्वीचा आहे. १८५५ मध्ये बोर्दोहून फ्रेंच कुटुंबं आणून चाकोच्या काठावर ‘नुएवा बुर्देओस’ वसवली गेली आणि काही महिन्यांत ती मोडली. आलेली माणसं शहरी कारागीर होती, जमीन पुराची होती, आणि पळून जाणाऱ्यांना सैनिकांनी पकडून आणलं. पुढे चाकोचा हा भाग कुणाचा, हा तंटा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हेज यांच्याकडे लवादासाठी गेला. १८७८ मध्ये त्यांनी पॅराग्वेच्या बाजूनं कौल दिला, म्हणून त्या ठिकाणाचं नाव आज व्हिया हेज आहे.

फसलेल्या वसाहतींपैकी दोन या पुस्तकात मी तपशिलानं घेतल्या आहेत, कारण दोन्ही शुद्धतेच्या वेडातून निघाल्या. बर्नहार्ड फॉर्स्टर हा जर्मनीतला कडवा ज्यूद्वेष्टा. तत्त्वज्ञ नीत्शेची बहीण एलिझाबेथ ही त्याची बायको. १८८६ मध्ये काही मोजकी जर्मन कुटुंबं घेऊन ही दोघं निघाली आणि आजच्या सान पेद्रो प्रांतात त्यांनी ‘नुएवा खेर्मानिया’ स्थापन केली. निर्भेळ जर्मन रक्ताचा नवा देश उभारायचा, असा त्यांचा इरादा. सरकारशी झालेला करार असा की ठरलेल्या मुदतीत ठरावीक कुटुंबं वसवली तरच जमिनीची मालकी मिळेल. तेवढी कुटुंबं आली नाहीत. चिकणमातीत जर्मन पिकं रुजली नाहीत, वाळूच्या किड्यांनी पाय पोखरले, कर्ज वाढत गेलं आणि १८८९ च्या जूनमध्ये फॉर्स्टरनं सान बेर्नार्दिनोत विष घेतलं. एलिझाबेथ काही वर्षांनी जर्मनीला परतली आणि भावाच्या हस्तलिखितांची मालकीण झाली. पुढे काय झालं ते युरोपच्या इतिहासात आहेच. गाव मात्र उरलं, आणि ते कसं उरलं हे महत्त्वाचं. ज्या शेजाऱ्यांपासून वेगळं राहायचं होतं त्यांच्याशीच लग्नं करून, ग्वारानी शिकून, यर्बा माते लावून. माते हा तिथला चहा. त्याचं बी सहजासहजी उगवत नाही. जेझुइट पाद्री हाकलले गेल्यावर त्याच्या लागवडीची युक्ती विसरली गेली होती. ती पुन्हा साधणाऱ्यांत या गावचे शेतकरी होते.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १८९१ मध्ये क्वीन्सलंडमधल्या मेंढ्या भादरणाऱ्या मजुरांचा मोठा संप चिरडला गेला. पत्रकार विल्यम लेन यांनी निराश कामगारांना हाक दिली : या देशात न्याय नाही, दुसरीकडे जाऊन समतेचं गाव वसवू. जुलै १८९३ मध्ये ‘रॉयल टार’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन सिडनीहून निघालं. पॅराग्वे सरकारनं जमीन दिली. मालमत्ता सामाईक, दारूला बंदी, आणि गोऱ्यांखेरीज कुणाशी संबंध ठेवायचा नाही, हे नियम. ज्या देशात पुरुषांची वानवा होती, शेजारच्या बायका मदतीला तयार होत्या, तिथे हा शेवटचा नियम! वर्षभरात ‘न्यू ऑस्ट्रेलिया’त फूट पडली. लेन यांनी आपल्या निष्ठावंतांना घेऊन ‘कोस्मे’ हे दुसरं गाव वसवलं आणि १८९९ मध्ये ते स्वतःच निघून गेले. ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर जिचं चित्र आहे ती कवयित्री मेरी गिल्मोर कोस्मेत शाळा चालवत असे. हे लोक ढोंगी नव्हते. त्यांनी घरदार विकून तो पैसा सामाईक पेटीत टाकला होता, म्हणूनच त्यांचा पराभव चटका लावतो. पण माणसांमधल्या समतेची सीमा कातडीच्या रंगाशी आखली की ती समता आतूनही कुरतडली जाते, हे कोस्मेच्या कागदपत्रांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता पुस्तकाच्या मुख्य भागाकडे येतो. मेनोनाइट हा सोळाव्या शतकातल्या नेदरलंड्समध्ये मेनो सायमन्सच्या शिकवणीभोवती वाढलेला ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा समजत्या वयात घ्यायचा, शस्त्र हाती धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही. या तीन गोष्टींपायी त्यांना जवळजवळ प्रत्येक राज्यानं छळलं किंवा सवलती देऊन बोलावलं. दलदल उपसून शेती करण्यात ते वाकबगार, त्यामुळे राजांना हवेसे वाटत. व्हिस्चुलाच्या खोऱ्यातून ते कॅथरीन राणीच्या निमंत्रणावरून १७८९ पासून युक्रेनमध्ये गेले. १८७० च्या दशकात रशियानं सक्तीची लष्करभरती आणली तेव्हा हजारो जण उत्तर अमेरिकेला निघाले आणि त्यांतले काही हजार कॅनडातल्या मॅनिटोबात वसले. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडानं त्यांच्या जर्मन शाळा बंद करून इंग्रजी शाळा सक्तीच्या केल्या. पंथातल्या सगळ्यात जुन्या वळणाच्या लोकांनी पुन्हा बोचकी बांधली. त्यांचे प्रतिनिधी १९२१ मध्ये चाको पाहून गेले आणि त्याच वर्षी जुलैत पॅराग्वेच्या संसदेनं ५१४ क्रमांकाचा कायदा मंजूर केला. लष्करी सेवेतून कायमची सूट, शपथेऐवजी साधा होकार, स्वतःच्या भाषेत शाळा, स्वतःचे वारसाहक्काचे नियम, आणि वसाहतीपासून पाच किलोमीटरच्या आत दारूविक्रीला बंदी. कुठल्याही पॅराग्वेयन नागरिकाला हे हक्क नव्हते. बोलिव्हियाही चाकोवर हक्क सांगत होता, त्यामुळे तिथे आपली म्हणावी अशी वस्ती असणं राजधानी असुन्सियोनला निकडीचं वाटत होतं. शस्त्र न धरणाऱ्या माणसांना एका येऊ घातलेल्या युद्धाच्या वाटेवर वसवलं गेलं.

पहिला जथा १९२६ च्या अखेरीस पुएर्तो कासादोला, म्हणजे कासादोच्या टॅनिन कारखान्याच्या धक्क्यावर, उतरला. सगळे मिळून सतराशेंहून अधिक माणसं आली. जमिनीची मोजणी झालेलीच नव्हती. मधल्या दलाल कंपनीनं कासादोकडून घेतलेली जमीन त्यांना अनेक पटींनी महाग विकली होती. नदीकाठच्या तात्पुरत्या झोपड्यांत वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं. विषमज्वर पसरला, दीडशेहून अधिक माणसं दगावली, त्यांत लहान मुलं सर्वाधिक. तीनशेहून अधिक जण कॅनडाला परतले. उरलेल्यांनी १९२७ पासून आत जाऊन ‘मेनो’ वसाहत वसवली. जंगलात शिरणारी कारखान्याची अरुंद रेल्वे सुमारे १४५ किलोमीटर जाई, पुढे बैलगाडी.

तीन वर्षांनी दुसरा जथा आला, आणि त्याची पार्श्वभूमी वेगळीच होती. स्टालिनच्या सामूहिकीकरणातून पळालेले तेरा हजारांच्या आसपास जर्मन-भाषक शेतकरी, बहुतेक मेनोनाइट, १९२९ च्या शरदात मॉस्कोच्या उपनगरांत देश सोडण्याची परवानगी मागत जमले. पाच-साडेपाच हजारांना जर्मनीला जाऊ दिलं, बाकीच्यांना मालगाड्यांत कोंबून परत पाठवलं. जर्मनीला ते ठेवून घ्यायचे नव्हते, कॅनडानं दार लावलं होतं. अमेरिकेतल्या मेनोनाइटांच्या मदत समितीनं, एमसीसीनं, त्यांच्यापैकी सुमारे दोन हजारांना चाकोत नेलं. १९३० मध्ये ‘फर्नहाइम’ वसाहत उभी राहिली, फिलाडेल्फिया हे तिचं मुख्य गाव.

गहू तिथे होत नव्हता. त्यांना तगवलं ज्वारीनं. ‘काफिर’ नावाची आफ्रिकी ज्वारी त्यांनी पेरली, तिचं पीठ गव्हात मिसळून पाव केले आणि पुढे निव्वळ ज्वारीचेही केले. नगदी पीक म्हणून भुईमूग आणि कापूस. भुईमूग मूळचा चाकोला लागून असलेल्या अँडीजच्या पायथ्याचाच. तो पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून जगभर फिरून आपल्या खानदेशात आला आणि इथे मात्र रशियातून आलेला शेतकरी आपल्या नव्या घराशेजारी तो नव्यानं शिकत होता. टोळधाड, मुंग्या, दुष्काळ. बाजारपेठ गाठायला गाडी, रेल्वे आणि होडी मिळून आठवडा-आठवडा लागे. १९३७ मध्ये फर्नहाइमच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कंटाळून पूर्व पॅराग्वेत दुसरी वसाहत केली. १९४७ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून आलेल्या निर्वासितांची भर पडली. ‘नॉयलांड’ वसाहतीतल्या असंख्य घरांत कर्ता पुरुष नव्हता. तो सोव्हिएत छावणीत किंवा रणांगणावर नाहीसा झाला होता. एका गावात तर फक्त बायका आणि मुलं होती. त्या बायकांनी स्वतः झाडं तोडली, विहिरी खणल्या, घरं लिंपली. या प्रकरणावर मी जास्त पानं खर्च केली आहेत आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही. वसाहतींच्या स्मारकग्रंथांत पुढारी पुरुषांची छायाचित्रं ओळीनं असतात. या बायका क्वचितच दिसतात.

दिवस पालटले ते १९५० नंतर. एमसीसीनं बिनव्याजी किंवा अल्प व्याजाची कर्जं दिली आणि अमेरिकी सरकारी मदत मिळवून दिली. १९५६ ते १९६१ या काळात असुन्सियोनपासून फिलाडेल्फियापर्यंत ‘ट्रान्सचाको’ रस्ता झाला. ज्या प्रवासाला दिवसचे दिवस लागत तो काही तासांवर आला. बफेल गवत आलं. आपल्याकडे ज्याला अंजन म्हणतात, ते आफ्रिका आणि भारताच्या कोरड्या पट्ट्यातलं गवत. त्यानं चाकोत गाई पोसणं शक्य झालं. पावसाचं पाणी साठवणारे मातीचे तलाव, म्हणजे ‘ताखामार’, खणले गेले. आज देशातल्या प्रक्रिया केलेल्या दुधाचा मोठा हिस्सा या वसाहतींच्या सहकारी संस्थांकडून येतो.

सहकार महाराष्ट्राला नवा नाही. प्रवरानगरपासून सुरू झालेली परंपरा जाणणाऱ्या वाचकाला या संस्था ओळखीच्या वाटतील : बियाणं, कर्ज, विक्री, दवाखाना, शाळा, सगळं एका छत्राखाली आणि गावचं राजकारणही तिथेच. पण एक मोठा फरक लक्षात ठेवावा. आपल्या साखर कारखान्याचा सभासद होण्याला परिसरात ऊस असणं पुरे असे. मेनोनाइट वसाहतीत संस्थेचं सभासदत्व आणि पंथाशी असलेलं नातं दीर्घकाळ जोडलेलं राहिलं. जमीनही वसाहतीच्या नावावर, ती बाहेरच्याला विकता येत नाही. या कुंपणामुळे जमीन सावकाराच्या घशात गेली नाही, आणि याच कुंपणामुळे शेजारचा एन्ल्हेत मजूर पिढ्यान् पिढ्या मजूरच राहिला. दोन्ही परिणाम एकाच नियमाचे आहेत, म्हणून ते मी एकाच प्रकरणात ठेवले आहेत. त्याच प्रकरणात १९३३ ते १९४४ या काळात फर्नहाइममध्ये नाझी विचारांची जी लाट आली तिचीही हकीकत आहे. शांततेच्या पंथातली तरुण मुलं बर्लिनकडे आशेनं पाहू लागली आणि गावात भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. वसाहतीतल्या लोकांनी हा विषय अनेक दशकं झाकून ठेवला, नंतर त्यांच्यातल्याच अभ्यासकांनी तो उघड केला. त्यांचं धैर्य मोठं आहे.

चाको ‘रिकामा’ नव्हता हे वर म्हटलंच आहे. एन्ल्हेत लोकांच्या आठवणीत पहिले मेनोनाइट हे पाहुणे म्हणून येतात. पाणी कुठे आहे, कोणता कंद खायचा, वाट कोणती, हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या रीतीत पाहुण्याला जागा देणं म्हणजे त्याच्यासोबत ती जागा वाटून घेणं. पाहुण्यांकडे मात्र कागद होता आणि कागदावर जागा एकाचीच असते. लवकरच, १९३२ मध्ये, बोलिव्हिया आणि पॅराग्वेचं चाको युद्ध सुरू झालं. त्याची पहिली मोठी लढाई बोकेरोन इथे झाली, आजच्या नॉयलांडच्या अगदी जवळ. तीन वर्षांच्या युद्धात दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक गोळ्यांइतकेच तहानेनं मेले. मेनोनाइटांनी शस्त्र धरलं नाही, सैन्याला धान्य विकलं आणि त्यामुळे त्यांची पहिली खरी बाजारपेठ उभी राहिली. एन्ल्हेत दोन सैन्यांच्या मध्ये सापडले. हेर समजून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, बायकांवर अत्याचार झाले आणि सैन्याबरोबर आलेल्या देवीच्या साथीत गावंच्या गावं संपली. जे वाचले ते वसाहतींच्या कडेला येऊन राहिले. कामाच्या बदल्यात अन्न, मग मिशन, मग बाप्तिस्मा. एन्ल्हेत वृद्धांनी स्वतःच्या भाषेत सांगितलेल्या या आठवणी गेल्या काही दशकांत ध्वनिमुद्रित होऊन छापल्या गेल्या आहेत. मेनोनाइट पुढाऱ्यांच्या रोजनिशा आणि या आठवणी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मध्य चाकोवर एक ओळही लिहू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

वसाहतींनी पुढे आदिवासींसाठी जमिनी घेतल्या, याल्वे सांगासारख्या वस्त्या केल्या, दवाखाने आणि शेतीशाळा चालवल्या. देशातल्या इतर जमीनदारांच्या तुलनेत हे पुष्कळच होतं. पण सुरुवातीला कुटुंबामागे जे तुकडे दिले ते इतके लहान होते की त्यांच्यावर खुद्द मेनोनाइट कुटुंबही चाकोत जगलं नसतं. वर अपेक्षा अशी की शिकार करून जगणारा समाज काही हंगामांत शेतकरी व्हावा. पिढ्यान् पिढ्या दलदल उपसून शेती केलेल्या लोकांना चाकोत स्थिरावायला तीस वर्षं आणि अमेरिकेची मदत लागली. एन्ल्हेत आणि निवाक्ले यांना दोन-चार पिकं बुडाल्यावर आळशी ठरवलं गेलं.

जपानी वसाहतींचं प्रकरण त्या मानानं लहान आहे. ब्राझीलनं १९३४ मध्ये जपानी स्थलांतरावर मर्यादा घातल्यावर १९३६ मध्ये पॅराग्वेत ‘ला कोल्मेना’ वसली. युद्धानंतर दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे आणखी वसाहती झाल्या, १९६१ मधली ‘इग्वासू’ त्यांतली प्रसिद्ध. १९५९ च्या करारानं तीस वर्षांत ८५,००० जपान्यांना येण्याची मुभा दिली. प्रत्यक्षात आले थोडेच, कारण तोवर जपानमध्येच कारखान्यांना माणसं हवी होती. संख्येनं थोड्या असलेल्या या शेतकऱ्यांनी पॅराग्वेला सोयाबीनची ओळख पक्की करून दिली, आणि लाल माती पावसात वाहून जाते हे पाहून १९८३ च्या सुमारास इग्वासूत नांगरणीविना पेरणी सुरू केली. त्यांच्यामागेही जपान सरकारची कर्जं, तज्ज्ञ आणि यंत्रं उभी होती. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकाला या प्रकरणातला मातीचा भाग नक्की वाचावासा वाटेल.

सोयाबीनची लाट मात्र त्यांच्या हातात राहिली नाही. हुकूमशहा आल्फ्रेदो स्ट्रोएस्नर याच्या राजवटीत (१९५४ ते १९८९) सरकारनं भूमिहीन पॅराग्वेयन शेतकऱ्यांना पूर्वेच्या अरण्यात वसवण्याची मोहीम काढली. कागदावर ती मेनोनाइट वसाहतींसारखीच दिसते : जंगलात जमीन, कुटुंबाला तुकडा, हप्त्यानं मालकी. पण मागे मदत समिती नव्हती, सहकारी पेढी नव्हती, रस्ता आला तर उशिरा आला. मालकीचा दाखला वर्षानुवर्षं मिळेना. शेतकऱ्याकडे असे ती फक्त ‘देरेचेरा’, म्हणजे कसण्याचा हक्क. सीमेलगतची जमीन परकीयांना विकण्यावरची बंदी १९६० च्या दशकात उठली, पराना नदीवर पूल झाला, इताइपू धरणाचा करार १९७३ मध्ये झाला आणि ब्राझीलच्या दक्षिणेतले शेतकरी स्वस्त जमिनीसाठी नदी ओलांडून आले. त्यांच्याकडे आपली जमीन विकून आणलेला पैसा आणि बँकेचं कर्ज होतं. आजारपणात किंवा एका पडलेल्या पिकानंतर पॅराग्वेयन शेतकऱ्यानं देरेचेरा विकली आणि तो आणखी आत, पुढच्या जंगलात सरकला. तेही संपल्यावर शहराच्या झोपडपट्टीत. या ब्राझिलियन शेतकऱ्यांतही सगळे धनदांडगे नव्हते. स्वतःच्या देशात ट्रॅक्टर आणि मोठे मळे आल्यामुळे उखडलेली कुटुंबं त्यांत पुष्कळ होती.

याच काळात सरकारनं सुधारणेच्या नावाखाली लष्करी अधिकाऱ्यांना आणि पक्षातल्या लोकांना जमिनी वाटल्या. सत्यशोधन आयोगानं २००८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १९५४ ते २००३ दरम्यान सुमारे ७८ लाख हेक्टर जमीन गैरमार्गानं दिली गेली. त्याच वर्षीच्या कृषी गणनेत, अडीच टक्क्यांच्या आसपास धारकांकडे देशातली सुमारे ८५ टक्के शेतजमीन असल्याचं दिसलं. १५ जून २०१२ रोजी कुरुग्वाती इथे अशाच वादग्रस्त जमिनीवर ठाण मांडलेल्या शेतकऱ्यांना हटवताना ११ शेतकरी आणि ६ पोलीस मारले गेले. आठवडाभरात संसदेनं राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो लुगो यांना पदावरून काढलं.

हे पुस्तक वाचताना कुणाला वाटेल की मी स्थलांतरितांवर खटला भरतो आहे. तसं नाही. मॉस्कोच्या थंडीत लेकरांना घेऊन थांबलेल्या बाईला चाकोत जागा मिळाली याचा मला आनंदच आहे. माझी तक्रार राज्याशी आहे. परक्यांसाठी ५१४ क्रमांकाचा कायदा एका अधिवेशनात करणाऱ्या त्याच संसदेला स्वतःच्या कुळांचे दाखले शंभर वर्षांत देता आले नाहीत. एन्ल्हेतांच्या नातलग असलेल्या एन्क्सेत आणि सानापाना समूहांना न्यायासाठी देशाबाहेर जावं लागलं. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं याक्ये आक्सा (२००५), सावोयामाक्सा (२००६) आणि खाक्मोक कासेक (२०१०) या तिन्ही खटल्यांत पॅराग्वेला दोषी ठरवलं. दरम्यान त्यांतली कित्येक कुटुंबं महामार्गाच्या आणि कुंपणाच्या मधल्या पट्टीत झोपड्या घालून राहत होती. सावोयामाक्सांची चौदा हजारांहून अधिक हेक्टर जमीन परत देण्याचा कायदा २०१४ मध्ये झाला.

पुस्तकात काही वसाहती घेता आल्या नाहीत. पूर्वेकडच्या स्लाव्ह शेतकऱ्यांची गावं, कोरियन आणि इटालियन प्रयत्न, २०२० नंतर युरोपातून नव्यानं येऊ लागलेले जर्मन-भाषक. प्रत्येकाला वेगळं पुस्तक लागेल. स्पॅनिश, जर्मन आणि ग्वारानी नावं मराठीत लिहिताना उच्चाराला धरलं आहे. शेवटचं प्रकरण उत्तर चाकोवर आहे. जगात जंगल जिथे सर्वाधिक वेगानं तुटतं आहे अशा प्रदेशांत त्याची गणना होते. तोडणाऱ्यांत ब्राझिलियन, उरुग्वेयन, मेनोनाइट आणि पॅराग्वेयन, सगळेच गोपालक आहेत. त्या रानात आयोरेओ-तोतोबिएगोसोदे समूहाची काही माणसं बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवता आजही राहतात. त्यांच्या बाहेर आलेल्या नातलगांनी १९९३ मध्ये आपल्या जमिनीचा दावा सरकारकडे दाखल केला. त्यातल्या काही भागाचे दाखले मिळाले. उरलेल्या भागासाठी आंतर-अमेरिकी आयोगानं २०१६ मध्ये संरक्षणाचे आदेश दिले, तरी बुलडोझर थांबले नाहीत. ब्राझीलहून चाकोमार्गे प्रशांत महासागराकडे जाणारा नवा रस्ता लोमा प्लातावरूनच काढला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचे भाव चढू लागले आहेत.